अंड्यांवरून उठवलेली कोंबडी

आधी क्षमा मागतो. लिहिणे हे आमच्या घराण्याचे काम नव्हे. आजोबांनी मेंढरे राखली, वडील अजून राखतात, आणि घरात पहिली पाटी आली ती माझ्यासाठी. शिकलो तेही उर्दूतून. मराठी ही आम्ही घरी बोलायची आणि शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायची भाषा होती. तेव्हा शब्द चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. कॉलेजच्या अंकासाठी 'मनात राहिलेला एक ऋतू' या विषयावर लिहा, असे आम्हा विद्यार्थ्यांना सांगण्यात आले आहे. माझे मित्र चांदण्यावर लिहीत आहेत, मोगऱ्यावर लिहीत आहेत. मी कोंबड्यांवर लिहिणार आहे. आमच्या वसतिगृहात कोंबडी हा ताटातला विषय आहे, लेखणीचा नाही, हे मला माहीत आहे. तरीही लिहितो, कारण या हिवाळ्याच्या तोंडाशी कॉलेजच्या सभागृहात मी एक वाक्य ऐकले आणि ते अजून घशाखाली उतरलेले नाही.

ग्रामसुधारणेवर व्याख्यान होते. कोणी मोठे अंमलदार आले होते. काळी अचकन, चांदीच्या मुठीची काठी, बोलणे अतिशय गोड. त्यांनी बरोबर एक विलायती कोंबडा आणला होता. पांढराशुभ्र, तारेच्या पिंजऱ्यात, मेजावर, फुलदाणीच्या शेजारी. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की सरकार आता असे कोंबडे खेडोपाडी देणार आहे, कारण या मुलखात दाणे टाकण्याच्या लायकीची कोंबडी कधी नव्हतीच. जी अंडी देते तिच्या अंगावर मांस नाही, जिच्या अंगावर मांस आहे ती अंडी देत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोंबड्याने मेजपोशावर आपले मत नोंदवले. तेवढा एकच श्रोता मला माझ्या बाजूचा वाटला.

मी उभा राहिलो. का राहिलो ते मलाही कळले नाही. वर्गात हजेरीला उत्तर देतानाही माझा आवाज चिरकतो. म्हणालो, "हुजूर, आमच्याकडे होती. दोन्हींची. अंड्यांचीही आणि मांसाचीही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "थी? या है?"

सभागृह हसले. साहेबही हसले, पण दुष्टपणाने नाही. लहान मूल काही बोलले की मोठी माणसे हसतात तसे. "मिल जाए तो दिखाइए, बरखुरदार," म्हणाले, आणि पुढे बोलू लागले. मी खाली बसलो. त्या दिवसापासून माझ्यापुढे तो एकच प्रश्न आहे. होती, की आहे?

तिला आम्ही कवडी म्हणायचो. काळेभोर अंग आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला एक पांढरा ठिपका. देवीच्या आराध्याच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा कुणी उसवून तिच्या अंगावर शिवल्यात असे वाटे. पाय पिवळे, जाड. तुरा बसका. एका हाताने उचलायला गेले की मनगट वाकायचे. तिला उडून छपरावर जाता येत नसे आणि त्याची तिला खंतही नव्हती. गावातल्या चिरचिऱ्या कोंबड्या भिंतीवर चढून ओरडत तेव्हा ही खाली अंगणात सावकार बाईसारखी चालत राही. अंडे गव्हाळ रंगाचे. थंडीत इतर कोंबड्या अंडी बंद करीत. ही हरभरा घाटे धरीपर्यंत देतच राही. शहरातल्या शौकिनांकडे झुंजीचे कोंबडे असत, त्यांचे अंग भारी, पण त्यांच्या माद्या अंड्याच्या बाबतीत कंजूष. गावठी कोंबडी अंडी देई, पण कापली तर पिसांखाली हाडेच. कवडी एकटीच दोन्ही अंगांनी पुरी होती. साहेबांनी सभागृहात जी कोंबडी नव्हतीच म्हणून सांगितले, अगदी तीच.

ती आमच्या घरी माझ्या मायबरोबर आली. मायचे माहेर शहागडच्या बाजूला, गोदावरीच्या काठी. त्या लोकांत लेकीला आंदण म्हणून शेळी देतात तशी कवडीची एक तलंग, म्हणजे पहिल्या अंड्याला आलेली कोवळी कोंबडी, देण्याची रीत होती. माय सांगते, लग्नाच्या गाडीत ती रडत होती आणि मांडीवरच्या दुरडीत तलंग बसली होती. अर्ध्या वाटेत तलंगीने अंडे दिले तेव्हा मायला हसू आले. आमच्याकडे मेंढरे बापाची, शेत असेल तर तेही बापाचे. पण कोंबडी बाईची. बा सुद्धा मायला विचारल्याशिवाय अंडे उचलत नसे. कवडी कापायची ती बाळंतिणीसाठी, आजारातून उठलेल्यासाठी, नाहीतर देवासाठी. गल्लीत कुठे बाई बाळंत झाली की मायला निरोप येई आणि माय ओट्यावर बसून, कुठली द्यायची यावर एवढा विचार करी की जणू लेकीचेच लग्न ठरवते आहे.

आता थंडी पडली की वसतिगृहातली मुले शाली काढतात, एकमेकांना हुरड्याच्या आठवणी सांगतात. मलाही हुरडा आठवतो. आगटीचा धूर, हातावर चोळलेल्या ज्वारीचा गोड, कच्चा वास, तुरीच्या शेंगा, करडईच्या काट्यांनी ओरबाडलेल्या पोटऱ्या. पण त्या सगळ्याच्या आत एक दुसरा आवाज असतो. कुक्, कुक्, कुक्, असा घशातल्या घशात केलेला. खुडूक झालेल्या कोंबडीचा. ती अंगाची पिसे फुलवून अंधारा कोपरा धरते, दाण्याकडे बघत नाही, हात घातला तर चोच मारते. तिला अंड्यांवर बसायचे असते. माय मग दुरडीत भुसा घाली, त्यात लोखंडाचा एक खिळा खोची, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत म्हणे. एकेक अंडे उन्हात धरून हाताच्या मुठीची नळी करून त्यातून बघे. "हे भरीव हाय," म्हणे. "हे पाण्याचं." मला सगळी सारखीच दिसत. मी मान हलवी.

आणि नेमका हाच हंगाम दौऱ्याचा. पिके उभी असतात, रस्ते कोरडे असतात, हवा सुखाची असते. साहेब लोक याच दिवसांत मुलूख बघायला निघतात. गावाबाहेरच्या आमराईत राहुट्या लागत. आणि मग रसद. दूध, तूप, सरपण, कडबा, कोंबड्या. साहेब गावचा पाहुणा, आणि पाहुण्याला काय कुणी विकत घालतो? हे असे तोंडभर हसत सांगितले जाई. मला ती गोष्ट लहानपणी खरी वाटे. पाहुणा स्वतःच ताट ठरवतो, स्वतःच घरात शिरून कोंबड्या झाकायचं डालं उचलतो, आणि त्याच्या पंगतीला बसणारे पाहुण्यापेक्षा गावातलेच जास्त असतात, हे समजायला मला तीर्थपुरीच्या बाजूच्या शाळेत जावे लागले. शिक्षणाचा तो पहिला उपयोग.

वसुलीला पाटलाचा माणूस येई. त्याचे नाव किसन. छावणीतला एक चपरासी त्याच्या मागे नुसता उभा राही, पट्टा दिसावा म्हणून. किसन वाईट चेहऱ्याचा माणूस नव्हता. तो गाणी म्हणे, जत्रेत सोंगे काढी, पोरांना खांद्यावर घेई. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. राक्षस असता तर निदान दार लावून घेता आले असते.

बायांनी त्यावर एक रीत धरली होती. दोन कोंबड्यांना गावात कुणी हात लावत नसे. एक, अंड्यांवर बसलेली. तिला उठवणे म्हणजे लेकुरवाळीला घराबाहेर काढणे, असे सगळे मानत, किसनसुद्धा. दुसरी, मरीआईच्या नावाने सोडलेली. पटकीची साथ आली की गाव एका कोंबडीला हळदकुंकू लावून शिवेबाहेर सोडते, रोगाला म्हणते, हिच्या संगं जा. तिला कोणी धरत नाही, कापत नाही, तिच्या पिसाला शिवत नाही. या दोन सोडून गावातली प्रत्येक कोंबडी साहेबाची.

मी सांगतो त्या हिवाळ्यात दौऱ्याची दवंडी पिटली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायांना एक युक्ती सुचली. खुडूक असो नसो, प्रत्येकीने आपापली कोंबडी डाल्याखाली बसवली. अंडी कुठली एवढी? धोंडे घातले. नदीतले गुळगुळीत गोटे. कोणी लिंबे घातली. एकीने म्हणे कांदे घातले. दिवसभर गल्लीत हसण्याची नुसती लाट होती. बाया एकमेकींच्या दारात जाऊन विचारीत, "तुझी काय उबवून राह्यली गं?" आणि आतून उत्तर येई, "वरवंटा!"

मायने यात भाग घेतला नाही. तिला गरज नव्हती. आमची कवडी खरोखरच बसली होती, चांगली अर्ध्यावर आली होती, खाली अंडी खरी होती. शेजारच्या हसीनाबी मात्र हौसेने सामील झाल्या. त्यांची एक कानी, म्हणजे एका डोळ्याची, काळपट, जागोजागी पिसे झडलेली गावठी कोंबडी होती. ती आपली आपणच खुडूक झाली होती आणि घरात अंडे नव्हते. बिचारी त्या आधीपासूनच धोंड्यांवर बसून होती. हसीनाबी म्हणाल्या, "मेरी कानी तो सच्ची बैठी है, पत्थरां झूटे हैं."

किसन आला. मी शाळेच्या सुट्टीत घरी होतो आणि नवीन नवीन अक्षरांचा ताठा अंगात होता. बा मेंढरे नदीकडच्या शेतांत खतासाठी बसवायला गेले होते. थंडीत ते घरी नसतच. अंगणात माय, मी आणि डाल्याखाली कवडी. शिवाय खुराड्यापाशी कवडीचा कोंबडा. मानेवर तांब्यासारखी पिसे, गावातला त्या जातीचा एकच. मायच्या माहेरी आदल्या वर्षी मानमोडीच्या साथीने सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या, तेव्हा सगळ्या मुलखात एकच म्हटले तरी चालेल.

"काय भागावैनी," किसन हसत म्हणाला, "आज गावाला काय झालं म्हनतो मी? झाडून साऱ्या कोंबड्या एका दिवसात खुडूक?"

"थंडी लई हाय," माय म्हणाली. "बसल्या."

"त्या तिकडं तर लिंबावर बसली हाय. आता लिंबातून काय निघनार? लोणचं?" चपरासी हसला. किसनाला उत्साह आला. "मी म्हनलं, बाई, तुझी कोंबडी पास झाली तर मला बी एक फोड दे."

"माझी खरी हाय, किसनभाऊ. डालं नको उचलू. उघडी पडली तर गार होतील."

"सारी गल्ली हेच म्हनून राह्यली."

त्याने डालं उचलले. कवडीने पिसे फुलवली आणि त्याच्या मनगटावर चोच मारली. तो हसला. तिच्या पोटाखाली हात घालून त्याने एक अंडे काढले, उन्हात धरले, मग मायकडे पाहिले. माय म्हणाली, "तुला कळत न्हाई तर फोडून बघ. एक जाईल माझं. बाकी तर ऱ्हातील."

त्याने फोडले. मी ते लिहू नये असे वाटते, पण लिहिले नाही तर माझा राग कशावर आहे ते कळणार नाही. कवचात एक पिल्लू होते, डोळ्यांची काळी टिकली आलेले, ओले, आणि ते हलले. किसन हसायचा थांबला. क्षणभर आम्हाला वाटले, झाले. रीत जिंकली. तो ते कवच हळूच भिंतीपाशी ठेवू लागला, जसे काही ठेवायला जागा असते.

मागून चपरासी म्हणाला, "क्या देखता? जल्दी. भारी है, यही ले."

आणि किसनने कवडीचे पंख एकत्र धरून तिला उचलले.

मी पुढे गेलो. म्हणालो, "हुकूम लेखी आहे का? दाखवा." शाळेत नुकतेच शिकलो होतो की सरकारचे सगळे काम लेखी चालते.

किसन मायला म्हणाला, "पोरगा वकील होऊन राह्यला वाटतं." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाला, "बाबू, लेखी असतं ते देण्याचं. घेण्याचं तोंडीच असतं." जाताना त्याने खुराड्यापासचा कोंबडाही घेतला. कोंबडा मात्र सहजी सापडला नाही. अंगणभर त्याने दोघांना पळवले, चपराशाचा पट्टा सुटला, एवढेच माझे त्या दिवसाचे समाधान.

मला अजून कळत नाही, मी कोणावर संतापू. बायांच्या त्या युक्तीवर? त्या युक्तीनेच खऱ्याचा विश्वास गेला हे खरे आहे. सगळ्याच खोट्या बसल्या नसत्या तर किसनने आमचे डालं कदाचित उचलले नसते. गल्लीतल्या काहीजणी नंतर तसे बोलल्याही, स्वतःलाच दोष देत, कपाळावर हात मारीत. पण मला ते पटत नाही. ज्याच्याकडून मागून घेतले जाते, त्याने स्वतःचे वाचवायला धोंडा ठेवला तर तो खोटारडा. आणि जो दुसऱ्याच्या घरात शिरून जिवंत पिल्लू हातात धरूनही आई उचलून नेतो, तो सरकारी माणूस. आपल्याकडे दोष नेहमी धोंडा ठेवणाऱ्या बाईपाशी येऊन थांबतो. तो कधी आमराईपर्यंत चालत जात नाही.

आणि आमराईपर्यंत तरी का? दोन दिवसांनी पाटलाच्या परसाकडून जाताना मी उकिरड्यावर तांब्याच्या रंगाची पिसे पाहिली. मानेची. आमचा कोंबडा छावणीत पोचलाच नव्हता. साहेबाचे नाव, पाटलाची चूल. माझी खात्री आहे, सभागृहात बोलले ते अंमलदार त्या आमराईतले असोत की नसोत (मला ते माहीत नाही, दुरून अचकनी सगळ्यांच्या सारख्याच दिसतात), त्यांना कवडी हे नावही ठाऊक नसेल. आमचे लोक त्यांच्या नावाने जे खातात ते त्यांना कोणी सांगत नाही. पण त्यांनी विचारले तरी कधी? एवढा मोठा दौरा, मुलूख बघायला निघालेला, आणि ताटात काय आहे हे बघितले नाही. मग सभागृहात उभे राहून म्हणायचे, तुमच्याकडे नव्हतीच.

त्या दिवशी किसन अंगणाबाहेर गेला आणि माय खाली बसली. मला वाटले रडेल. तिने पदर पसरला, दुरडीतली अंडी भराभर त्यात घेतली, पोटाशी धरली आणि उठली. "अजून ऊन हाएत," म्हणाली. "दार उघड."

हसीनाबींच्या घरात किसन आधीच येऊन गेला होता. डालं लाथेने उलटवले होते, धोंडे पाहून हसला होता, आणि कानी कोंबडी उचलून, पिसे झडलेली पाहून, परत टाकली होती. आम्ही गेलो तेव्हा ती पुन्हा जाऊन त्याच धोंड्यांवर बसली होती. मायने काही सांगण्याआधीच हसीनाबींना पदराकडे पाहून कळले.

"रो मत गे भागा," त्या म्हणाल्या, खरे तर स्वतःच रडत होत्या. "ला इधर. कानी को क्या मालूम पत्थर क्या, अंडा क्या. बैठी सो बैठी है."

एकेक धोंडा काढायचा आणि त्या जागी एकेक अंडे सरकवायचे. धोंडा मी घेत होतो, अंडे माय देत होती. धोंडेसुद्धा ऊन झाले होते. ते माझ्या हाताला लागलेले ऊन मी विसरलेलो नाही. त्या कुरूप, काण्या कोंबडीने धोंड्यांनाही इमानाने ऊब दिली होती. अंडी आली तेव्हा तिने फक्त अंग थोडे पसरले. मोठी होती ती तिच्या मानाने; बाजूने दिसत राहिली. हसीनाबींनी वरून आपली जुनी ओढणी पांघरली.

सगळी नाही फुटली. पण फुटली. आणि नंतरचे दिवस गल्लीला दुसरे हसू मिळाले. पिल्ले बघता बघता कानीपेक्षा दांडगी झाली. ती त्यांना पंखाखाली घ्यायला बसे आणि त्यांच्याच पाठीवर उचलली जाई. घार आली की ती ओरडे, पिल्ले तिच्याकडे धावत, आणि आडोसा करी कोण कोणाला ते समजत नसे. त्यांच्या अंगावर ठिपके उमटू लागले. एक कोंबडा निघाला, बाकी तलंगी. माय रोज संध्याकाळी जाऊन बघे. हसीनाबी म्हणत, "आधे तेरे, आधे मेरे," आणि माय म्हणे, "सारे कानीचे."

पण हंगाम सरताना मायने ठरवले. म्हणाली, "या गावात कवडी पाळायची म्हंजी छावनीसाठी पाळायची. मी न्हाई पाळत." हसीनाबींनाही ते पटले. त्याच सुमाराला माझी थोरली बहीण, अक्का, सासरी निघाली होती. परतूर स्टेशनावर उतरून पुढे किती आणि कोणत्या दिशेला, ते मी इथे लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल. दुरडीत कोंबडा आणि तलंगी घालून वर फडके बांधून अक्का गेली. वाट्याने दिल्या होत्या, आमच्याकडे देतात तशा. पिल्लावळ झाली की अर्धी पाळणाऱ्याची, अर्धी देणाऱ्याची. त्यातला वाटा आमच्या घरी कधी आला नाही. मायने कधी मागितला नाही.

मग मी शिकायला लांब गेलो. मध्ये एका साली सगळ्या मुलखात मानमोडी आली. परतूरकडून येणारी माणसे सांगत, तिकडे खुराडी ओस पडली. अक्का माहेरी येई तेव्हा मी विचारी, "अक्का, कवड्या हाएत का?" ती मायकडे बघे, माय तिच्याकडे बघे, आणि दोघींपैकी एकजण परातीत पीठ घेऊन मळायला बसे. मी समजलो. मेल्या असतील, सांगवत नसेल. शिकलेल्या माणसाला गप्प बसण्याचा एवढाच अर्थ लावता येतो.

म्हणून तर सभागृहात 'थी या है' याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण त्या हसण्यानंतर मला राहवेना. जालन्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मी अक्काच्या घरी तोंडी निरोप पाठवला. कवडीचे एक तरी पीस उरले असेल तर कळवा. मी इथे एका मोठ्या माणसाला शब्द देऊन बसलो आहे. मग वाट पाहिली. सकाळी शेकोटीभोवती मुले जमत, मी त्यांच्यात बसून कान फाटकाकडे ठेवी. थंडी वाढली. कॉलेजमागच्या बंगल्यात विलायती पांढरे कोंबडे आले, त्यांना जाळीचे घर आणि राखायला माणूस मिळाला. ते पहाटे आरवत. मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी काय केले? पण जाळी, माणूस, दाणा हे सगळे होते तर, आणि ते कोणाला द्यायचे असते हेही सरकारला ठाऊक होते तर, असे माझ्या मनात येते आणि हातातली भाकरी तशीच राहते.

काल भाऊजी आले. अक्काचे यजमान. घोंगड्या विकायला औरंगाबादला आले होते. खुर्ची दिली तर बसेनात, खाटेच्या कडेला बसले, माझी पुस्तके दुरूनच पाहिली. मी चहा मागवला, इकडचे तिकडचे विचारले आणि मग न राहवून म्हणालो, "भाऊजी, कवडीचं काय झालं?"

भाऊजी उठले, दार ओढून घेतले आणि पुन्हा बसले.

"तुमी तर दवंडीच पिटून राह्यले. त्या मानसाजवळ निरोप दिल्ता, त्यानं साऱ्या पारावर सांगितला. तुमची अक्का लई भडकली."

"म्हणजे आहेत?"

"हाएत म्हंजी? दर घरी हाएत. पर आमच्या गावात तिला कवडी म्हनत न्हाईत."

"मंग?" माझ्या तोंडून गावचे बोलणे निघाले.

"सोडलेली म्हनतात. मरीआईची."

मानमोडीच्या त्या सालीच दौराही आला होता. अक्काच्या सासूने काय केले, साथीतून वाचलेल्या कवड्यांच्या पंखांना हळद फासली, कपाळी कुंकू लावले आणि त्यांना उघड्यावर मोकळे सोडले, डालं नाही, खुराडं नाही. छावणीची माणसे आली. ठिपक्याठिपक्यांच्या, हळदीने माखलेल्या दांडग्या कोंबड्या रस्त्यात फिरताना पाहून त्यांनी विचारले. म्हातारी म्हणाली, "घ्या की बाबा. भारी हाएत. फक्त शिवंपल्याड नेऊन कापा, अन् पिसं परत आनू नका." त्यांनी घेतल्या नाहीत. पुढच्या साली शेजारणीने अंडी मागून नेली, पिल्ले निघाली, तिनेही हळद लावली. आता गावात ज्या घरी ठिपका त्या घरी हळद. "खानसामा तर त्या गल्लीनं येत बी न्हाई," भाऊजी म्हणाले. "थुंकून जातो."

मी हसलो. पोट धरून हसलो. भाऊजीही हसले. आणि मग मला हसता येईना.

साहेबांनी विचारले होते, मिळाली तर दाखवा. मिळाली आहे. आणि मी ती दाखवू शकत नाही. अंड्यांनाही पुरी आणि मांसालाही पुरी, आमच्या मुलखाची सगळ्यात गुणी कोंबडी जिवंत आहे, ती रोगाची कोंबडी म्हणून. तिला चांगली म्हटले की ती मेली. वाईट म्हटले म्हणून वाचली. परक्या कोंबड्याला मेजावर फुलदाणीशेजारी जागा, आणि ही स्वतःच्या गावात अशुभ बनून हिंडते, कारण तसे हिंडले तरच ती आपल्या पिल्लांसकट हिंडू शकते. अक्काच्या सासूच्या हुशारीचा मला अभिमान आहे. पण अशी हुशारी ज्या राज्यात लागते त्या राज्याबद्दल काय म्हणावे, ते मला उर्दूतही येत नाही आणि मराठीतही.

म्हणून गावाचे नाव लिहिले नाही. वाचकांनी शोधू नये, एवढी विनंती आहे.

भाऊजी निघाले. फाटकापर्यंत मी पोचवायला गेलो. खांद्यावरची घोंगडी सारखी करता करता ते थांबले. "अक्कानं एक सांगाय सांगितलं होतं, इसरलोच," म्हणाले. "मायला बी सांगा म्हनली. घरची कवडी खुडूक आल्ती. हळद लावलेलीच बसवली. छावनी गावाबाहेर पडली, राहून गेली बी. खाली अंडी हाएत, धोंडे न्हाईत." आणि रस्त्याकडे वळता वळता म्हणाले, "कुनी उठवलं न्हाई."